पंखे फिरत होते, पडदा काळा होता: ६०,००० रुपयांतल्या एका असेंबल्ड कॉम्प्युटरचं प्रकरण

"मामा, पंखे फिरतायत, दिवेपण लागतायत, पण स्क्रीनवर काहीच येत नाहीये." भाचीचा फोन आला तेव्हा २०२४ च्या गणपतीला दोन दिवस उरले होते. तिचा आवाज रडवेला होता. तो दिवस तिने भाऊजींबरोबर बाजारात घालवला होता, आणि दुकानदाराने सांगितलं होतं की प्रोसेसर उडालाय.

मी इंदूरच्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची देखभाल गेली अठरा वर्षं करतोय. या काळात "उडाला" म्हणून माझ्याकडे आलेले प्रोसेसर पुष्कळ पाहिले. त्यातले खरोखर उडालेले फार थोडे. प्रोसेसर हा कॉम्प्युटरमधला सगळ्यात चिवट भाग. बिघाड बहुतेक वेळा दोन भागांच्या मधल्या जागेत असतो: हा त्याला ओळखत नाही, तो याला पुरेसा करंट देत नाही, याची खाच त्याच्या खाचेत बसत नाही. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते यासाठी, की त्यात यातले जवळजवळ सगळे प्रकार एका आठवड्यात भेटले.

भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. ताई-भाऊजी लोकमान्य नगरला राहतात. तिचा लॅपटॉप जुना, एक रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र बनवण्याचं काम) लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं, तर कधी तो मध्येच बंद पडलेला. अनंत चतुर्दशी झाली की लगेच स्टुडिओचं सबमिशन. घरातून ६०,००० रुपये ठरले, त्यातले ४०,००० ताईच्या भिशीचे. म्हणजे वर एक रुपया मागायची सोय नव्हती आणि चुकीची वस्तू घेऊन परत करायलाही फारसा वाव नव्हता.

पोरीने अभ्यास केला होता, हे आधी सांगतो. ऑनलाइन सेलमध्ये तिने एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला, १०,४०० रुपयांना. सहा कोअर, बारा थ्रेड, डब्यात कूलर. या पैशांत याहून चांगलं मिळणं कठीण होतं. मदरबोर्ड कॉलेजमधल्या एका सीनियरकडून सेकंडहँड घेतला, बी४५० चिपसेटचा, ३,००० रुपयांत. बोर्डात वाचलेले पैसे ग्राफिक कार्डात घालायचे, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर होता. प्रोसेसर एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा), बोर्डही एएम४ चा, पिना बसतात, कूलर बसतो. तरी पडदा काळा.

दुकानात काय झालं ते भाऊजींनी सांगितलं. दुकानदाराने त्या बोर्डावर प्रोसेसर बसवला, रॅम लावली, बोर्डाच्याच एचडीएमआयला मॉनिटर जोडला, दोनदा चालू-बंद केलं आणि म्हणाला, "भिया, ये तो गया. बोर्ड भी पुराना है, नया सेट ले लो." मग एका कागदावर नवी यादी लिहून दिली. ती मी नंतर पाहिली. इंटेलचा १२४००एफ, एच६१० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर५ ची १६ जीबीची एक पट्टी, ४ जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक कार्ड, आणि '५०० वॅट' एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) सकट कॅबिनेट. बोर्डाच्या नावाच्या शेवटी 'डी४' होतं. म्हणजे तो बोर्ड डीडीआर४ चा, आणि यादीत रॅम डीडीआर५. दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. मी त्या माणसाला लबाड म्हणणार नाही. दिवसाला वीस गिऱ्हाइकं करताना यादी हाताच्या सवयीने लिहिली जाते. पण ती यादी तशीच घेतली असती तर दुसऱ्या दिवशी दुसरा काळा पडदा ठरलेला होता.

त्या रात्री फोनवर मी एकच प्रश्न विचारला, "एचडीएमआयची वायर कुठे लावलीस?"

"बोर्डला. कार्ड अजून घेतलंच नाहीये ना."

पहिली गाठ इथे होती. रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. ५६००जी मध्ये आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. बोर्डामागे एचडीएमआयचं भोक असतं, कारण तोच बोर्ड 'जी'वाल्या प्रोसेसरांसाठीही असतो. पण त्या भोकात चित्र पाठवणारा प्रोसेसरच्या पोटात बसलेला असतो, बोर्डात नाही. इंटेलकडे नाव उलट्या बाजूने चालतं: तिथे शेवटी 'एफ' असेल तर ग्राफिक्स नाही. एका अक्षराने एवढा फरक पडतो, आणि दुकानाच्या बिलावर नेमकं तेच अक्षर बऱ्याचदा गळतं.

"मग प्रोसेसर चांगला आहे?"

"असेल. उद्या ये, सगळं घेऊन ये. आणि रिप्लेसमेंटची रिक्वेस्ट टाकू नकोस."

ती रिक्वेस्ट ती टाकणारच होती, सात दिवसांची मुदत संपत आली होती म्हणून. टाकली असती तर दुसरा ५६०० आला असता आणि त्यानेही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी रामबागेत माझ्या घरी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसलो. माझ्या ड्रॉवरमध्ये एक जुनं जीटी ७१० कार्ड असतं, तपासणीपुरतं. त्याला वेगळी पॉवर वायर लागत नाही, स्लॉटमध्ये खोचलं की झालं. ते लावलं, मॉनिटर त्याला जोडला, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

भाचीचा चेहरा उतरला. मला मात्र आता बरं वाटायला लागलं होतं, कारण शक्यता कमी झाल्या होत्या. बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे ग्राफिक्स, आणि बूट. चालू होताना बोर्ड एकेक तपासतो आणि जिथे अडतो तिथला दिवा पेटलेला राहतो. इथे सीपीयूचा दिवा लाल होऊन तसाच राहिला. रॅमपर्यंत गाडी पोचतच नव्हती.

प्रोसेसर काढून उलटा धरला. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात, केसाएवढ्या. मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरका धरून ओळीओळीने पाहिलं. एक वाकडी पिन ओळीत लगेच डोळ्यात भरते, जशी रांगेत उभ्या मुलांमधली एक बाहेर आलेली. सगळ्या सरळ. जळक्याचा डाग नाही, वास नाही. मग बोर्डावरच्या बायोस चिपचं (बायोस म्हणजे बोर्ड चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्राम) स्टिकर पाहिलं. त्यावरची आवृत्ती जुनी होती, बोर्ड बाजारात आला त्या सुमाराची.

आता गोष्ट जुळली. बी४५० बोर्ड २०१८ चे. ५६०० ज्या पिढीतला, ती झेन ३ पिढी आली नोव्हेंबर २०२० मध्ये, आणि हा ५६०० तर एप्रिल २०२२ चा. बोर्डाला चालू होताना समोरचा प्रोसेसर कोण आहे हे बायोसमधून कळतं. ज्या बायोसमध्ये या पिढीची ओळखच नाही, त्याच्यासाठी हा प्रोसेसर अनोळखी. तो दार उघडत नाही. मे २०२० मध्ये एएमडीने आधी जाहीरच केलं होतं की झेन ३ जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर (बी४५० त्यातलाच) चालणार नाही. लोकांनी एवढा ओरडा केला की त्याच महिन्यात निर्णय फिरवला, आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी मग बायोस अपडेट काढले. म्हणजे हा बोर्ड चालणार होता, पण अपडेटनंतर. सीनियरने त्यावर जुनाच प्रोसेसर वापरला होता, त्याला अपडेट करायची गरजच पडली नव्हती.

अडचण अशी, की अपडेट करायला बोर्ड चालू व्हायला हवा, आणि चालू व्हायला बोर्ड ओळखतो असा प्रोसेसर हवा. काही बोर्डांवर मागे एक बटण असतं, त्याने प्रोसेसर न लावताच पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येतो. या बोर्डावर ते बटण नव्हतं. म्हणजे २०१८ च्या सुमाराचा, ग्राफिक्सवाला एखादा रायझन दोन तासांसाठी उसना हवा.

तो मिळाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवाल्या काकांकडे. त्यांचं मशीन मीच २०१८ मध्ये जोडलं होतं, रायझन ३ २२००जी वर. हा प्रोसेसर फेब्रुवारी २०१८ चा, बी४५० त्याच वर्षी जुलैअखेरीस आलेला. त्यामुळे कुठलाही बी४५० त्याला पहिल्या दिवसापासून ओळखणार. काका म्हणाले, "दुपारी दोन ते चार दुकान बंदच असतं, तेवढ्यात ने. पण चारला मला मशीन पाहिजे, पोरांचे फॉर्म भरायचे असतात."

इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण यात चांगले चांगले प्रोसेसर गेलेले मी पाहिलेत. एएम४ चा कूलर सरळ वर ओढायचा नाही. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट सहा वर्षांत सिमेंटसारखी धरते, आणि या सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसकट उपटून येतो. म्हणून मशीन आधी दहा मिनिटं चालवायचं, जरा काम द्यायचं, पेस्ट कोमट होऊ द्यायची. मग मशीन बंद करून, वायर काढून, स्क्रू सैल करून कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळायचा, बरणीचं घट्ट झाकण फिरवतो तसा. पकड सुटल्याचं बोटांना कळतं. त्यानंतरच वर घ्यायचा. भाचीला म्हटलं, तूच कर. तिने श्वास रोखून पिळला आणि कूलर सुटला. प्रोसेसर सॉकेटमध्ये जिथल्या तिथे.

२२००जी बी४५० वर बसवला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर, खटका उभा, प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो आपल्या वजनाने आत बसतो. दाबावा लागला तर समजायचं चुकतंय. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला, कारण या प्रोसेसरला ग्राफिक्स आहे. बटण दाबलं आणि सात-आठ सेकंदांत कंपनीचं चिन्ह पडद्यावर आलं. भाची टाळ्या वाजवायला लागली. ३,००० रुपयांचा बोर्ड जिवंत होता.

बायोसची फाइल मी आधीच बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून उतरवली होती. तिथे दोन गोष्टी बघायच्या. एक, बोर्डाचं पूर्ण नाव आणि कोपऱ्यात बारीक छापलेला रिव्हिजन नंबर, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनचा बायोस वेगळा असू शकतो. दुसरी, सीपीयू सपोर्टची यादी. तिच्यात प्रत्येक प्रोसेसरपुढे कुठल्या बायोस आवृत्तीपासून तो चालतो ते लिहिलेलं असतं. सेकंडहँड बोर्ड घ्यायच्या आधी ही यादी पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि या प्रकरणातला सगळा मनस्ताप त्या पाच मिनिटांत वाचला असता. भाचीला ती यादी अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी इथे लिहितोय.

पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला, फाइल टाकली, मशीन माझ्या यूपीएसवर घेतलं. बाहेर पाऊस होता, आणि पावसात आमच्या भागात लाइट कधी डोळा मिचकावेल सांगता येत नाही. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच मरू शकतो. अपडेटला पाच मिनिटं लागली असतील, पण टक्केवारीची पट्टी बघत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

मग २२००जी बाहेर, ५६०० आत, जीटी ७१० परत. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की नवा प्रोसेसर आढळलाय, सुरक्षा चिपमधली जुनी माहिती पुसायची का. वाय दाबलं. कोरी मशीन असल्यामुळे धोका नव्हता. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप आहे त्यांनी मात्र आधी रिकव्हरी की जवळ ठेवावी. पुढच्या क्षणी बायोसच्या पानावर वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसलं, रायझन ५ ५६००. पावणेचारला २२००जी काकांच्या मशीनमध्ये नव्या पेस्टसह परत बसला होता.

आता उरले ४६,६०० रुपये. खरी निवड इथून सुरू झाली, आणि तीत हुकूम चालला बोर्डाचा.

सगळ्यात मोठा प्रश्न ग्राफिक कार्डाचा. भाची स्केचअप आणि रेव्हिटमध्ये मॉडेल बनवते, त्याचं काम मुख्यतः प्रोसेसर करतो. पण एन्स्केप, डी५ आणि ब्लेंडरमधलं रेंडर कार्डावर चालतं. दुकानाच्या यादीतलं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त होतं, पण त्या कार्डाला फक्त चार पीसीआय लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातले माहितीचे रस्ते) आहेत. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचं. तिसऱ्या पिढीच्या एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी माल जातो. म्हणजे चार लेनचं कार्ड या बोर्डावर सेकंदाला ४ जीबीवर अडकतं, आणि कार्डाची मेमरी ४ जीबीच असल्यामुळे मोठं मॉडेल उघडलं की ते सारखं मुख्य रॅमकडे धावणार, त्याच अरुंद बोळातून. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही, आणि भाचीला वॉकथ्रूचे व्हिडिओ काढायचे असतात. चौथ्या पिढीच्या बोर्डावर हे कार्ड थोडं बरं चाललं असतं. इथे अजिबात नको.

आरएक्स ६६०० आठ लेनचं, ८ जीबीचं, २०,५०० च्या आसपास मिळत होतं. गेमसाठी मी डोळे झाकून तेच घेतलं असतं. आरटीएक्स ३०६० सोळा लेनचं, १२ जीबीचं, २४,५०० ला. चार हजारांचा फरक. भाऊजी म्हणाले, "अहो, एवढे चार हजार कशाला?" मी त्यांना भाचीच्या लॅपटॉपवरचं तिचं मागच्या सत्राचं मॉडेल उघडून दाखवलं, झाडं, गाड्या, काच, सगळं. रेंडरला लागणारा सगळा देखावा कार्डाच्या मेमरीत मावला तरच काम वेगाने होतं, आणि ब्लेंडरच्या सायकल्सला (त्याच्या रेंडर करणाऱ्या भागाला) आरटीएक्ससारख्या एनव्हिडिया कार्डावर ऑप्टिक्स या एनव्हिडियाच्याच तंत्राचा रस्ता मिळतो, तो रेंडरमध्ये फार उपयोगी पडतो. भाऊजींनी मान हलवली. माझं मत विचाराल तर अख्ख्या यादीतले सगळ्यात सार्थकी लागलेले चार हजार ते हेच.

कार्ड ठरलं की एसएमपीएस आपोआप ठरतो. घरच्या जुन्या कॅबिनेटमधला एसएमपीएस वापरावा असं भाऊजींना वाटत होतं, त्यावर '५०० वॅट' मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मी तो उलटा करून बाजूचं लेबल दाखवलं. त्यावर एक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली अँपिअर. इथे होते १६. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. कार्ड एकटं १७० वॅटचं, प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला. १९२ मध्ये ही दोघं मावत नाहीत, मग समोर पाचशे लिहिलेलं असो की हजार. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायरही त्यात नव्हती. बाजारात जुन्या चार पिनांच्या वायरीवरून आठ पिना काढून देणारा कन्व्हर्टर मिळतो. तो मी एकदा वितळलेला पाहिलाय, प्लास्टिक कार्डाच्या भोकात घट्ट बसलेलं. तेव्हापासून माझ्या हातून तो कुणाच्या मशीनमध्ये जात नाही. ३०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ब्राँझ मानांकनाचा तेवढ्याचा घेतला, ४,१०० रुपये. जोडताना भाचीला एक गोष्ट दाखवली: प्रोसेसरची आठ पिनांची वायर चार-अधिक-चार अशी फुटते आणि कार्डाची सहा-अधिक-दोन. लांबून सारख्याच दिसतात. जबरदस्तीने उलट लावल्या तर मात्र खैर नाही.

बाकीचं भराभर झालं. रॅम डीडीआर४, ३२०० वेगाची, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३,५०० रुपये. एक १६ ची घेतली असती तर मेमरीचा एकच मार्ग चालला असता. बोर्डाला चार स्लॉट आहेत, पुढच्या वर्षी अजून दोन लावता येतील. जुन्या मशीनमधल्या डीडीआर३ च्या पट्ट्या वापरता येतील का, असं ताईने विचारलं. त्यांना २४० पिना, इथे बसणार नाहीत. पण जुनी १ टीबीची हार्ड डिस्क आली, प्रोजेक्ट साठवायला. एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (पीसीआय लेनवरून चालणारी वेगवान जात), ३,३०० रुपये. दुकानात चौथ्या पिढीची दाखवत होते, जास्त पैशांत. बोर्डावरचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा, तिथे तीही तिसऱ्या पिढीच्याच वेगाने चालणार. त्याच दुकानात दिसायला अगदी तशीच एम.२ साटा डिस्कही होती, जुन्या, संथ पद्धतीची, जराशी स्वस्त. खाचांकडे बघायचं: एनव्हीएमईला सहसा एक खाच, साटावालीला दोन.

कॅबिनेट २,९०० चं, पुढे जाळीचं. पुढे पूर्ण काच असलेलं जास्त देखणं होतं आणि भाचीचा जीव त्यात अडकला होता, पण मे महिन्यात इंदूर चाळिशी ओलांडतं, आणि काचेमागचे पंखे हवा ओढायला धडपडत राहतात. जाळीतून धूळ जाते हे खरं. महिन्यातून एकदा ब्रश मारायचं तिने कबूल केलं.

८,३०० उरले. यूपीएस घ्यावा की मॉनिटर, यावर घरात दोन दिवस चर्चा. जुना मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८, त्याला फक्त जुनं व्हीजीए वायरचं भोक. नव्या कार्डांना व्हीजीए नसतंच, त्यामुळे तीनशे-साडेतीनशेचा कन्व्हर्टर लागला असता. तो लावूनही रेव्हिटच्या खिडक्या त्या उंचीत धड मावत नाहीत, हे भाचीने स्वतः लॅबमध्ये पाहिलं होतं. बावीस इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर ६,७०० ला घेतला. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस ठेवला, त्यात नवी बॅटरी घातली, ९५० रुपये. या छोट्या यूपीएसमधून प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास मिळतात. रेंडर चालू असताना मशीन तीनशेच्या घरात जातं, म्हणून मॉनिटर यूपीएसबाहेरच्या सॉकेटवर आणि यूपीएसवर फक्त कॅबिनेट. लाइट गेली की मॉनिटर बंद होतो, रेंडर थोडा वेळ तग धरतं. भाचीने प्रोग्राममध्ये दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह होईल असं लावून घेतलं.

अजून एक खर्च आला, जो कुठल्याच यादीत नव्हता. मशीन जोडून झालं, विंडोज चढलं, आणि ताईने कॅबिनेटला हात लावून झटकन मागे घेतला. "अगं बाई, झिणझिण्या येतायत." घर जुनं. सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्यामागे अर्थिंगची तारच नव्हती. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात, तो अर्थिंगमधून जमिनीत जावा म्हणून. तार नसेल तर पत्रा मुख्य व्होल्टेजच्या जवळजवळ निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी कमी, माणसाला बहुधा नुसत्या झिणझिण्या, पण यूएसबी आणि एचडीएमआय लावताना-काढताना पोर्ट जाऊ शकतात. वायरमनने मीटरपाशी असलेल्या अर्थिंगवरून त्या खोलीत तार ओढली, ५०० रुपये घेतले. हिशेब ५९,८५० वर थांबला.

शेवटची गोष्ट रॅमच्या वेगाची. बसवून झाल्यावर बायोसमध्ये बघितलं तर ३२०० ची रॅम २४०० वर चालत होती. आपण सांगितल्याशिवाय बोर्ड जपूनच चालवतो. एक्सएमपी प्रोफाइल (रॅमच्या पट्टीतच साठवलेली पूर्ण वेगाची सेटिंग) चालू केलं, सेव्ह केलं, ३२०० दिसायला लागले. पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत हेही पाहून घेतलं. सगळ्या वस्तूंची बिलं, त्यावर सीरियल नंबर, आणि कार्डाचा डबा ताईने कपाटाच्या वर ठेवला. बोर्ड सेकंडहँड, त्याला वॉरंटी नाही. पूर्ण यादीत धोका पत्करला तो तेवढाच, आणि सगळ्यांना विचारून.

अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) बघायला सगळे राजवाड्याकडे गेले, भाची घरीच थांबली होती. रात्री तिने मला एक चित्र पाठवलं, तिच्या प्रोजेक्टचं अंगण, कडुलिंबाची सावली फरशीवर पडलेली. खाली लिहिलं होतं, "जेवायला बसले होते तेवढ्यात झालं."

दोन आठवड्यांनी झेरॉक्सवाल्या काकांकडे तिच्या शीट्सच्या प्रिंट काढायला आम्ही दोघं गेलो. काका म्हणाले, "त्या दिवशी तुमच्याकडे तो नवा प्रोसेसर होता ना, तसला माझ्या मशीनमध्ये घातला तर चालेल का हो?"

मी काही बोलायच्या आत भाची काउंटरखाली वाकली. "काका, आधी बोर्डाचं नाव बघू द्या. ए३२० आहे ना? त्याला २०२२ पासून सपोर्ट आलाय, पण तुमच्या रिव्हिजनला बायोस निघालाय का ते यादीत बघावं लागेल. आणि त्याला ग्राफिक्स नसतं. तुमच्याकडे कार्ड नाही, म्हणजे तुम्हाला 'जी'वाला लागेल." मग मोबाइलचा टॉर्च लावून ती कोपऱ्यातले बारीक आकडे वाचायला लागली.